धाकटीची कावीळ

सरबत मीच करून देत होते, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

२०२३ चा मे महिना. सोलापुरातला मे म्हणजे सकाळी नऊलाच अंगण तव्यासारखं तापलेलं. माझी धाकटी जाऊ पहिलटकरीण, पस्तिसावा आठवडा चालू. रीतीप्रमाणे ती माहेरी असायची, पण तिच्या आईचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे बाळंतपण आमच्याकडेच ठरलं होतं. घर अक्कलकोट रोडच्या बाजूला. दोघे भाऊ टॉवेलच्या कारखान्यात, आमचे हे जॉबर (माग दुरुस्त करणारे) आणि भाऊजी पॅकिंगला. मी घरीच शेंगा चटणी करून विकते.

सोमवारपासून तिला मळमळायला लागलं. जेवण नको, वास नको. मी शेंगदाणे भाजायला घेतले की ती माडीवर निघून जायची. तहान मात्र अशी, की माठ दिवसातून दोनदा भरावा लागायचा. रात्रीतून चार-चार वेळा लघवीला उठायची. "नववा लागलाय, त्यात हे ऊन. अजून काय होणार?" असं आत्या म्हणाल्या (सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो), आणि मी मान हलवली. मला दोन लेकरं झालेली. पहिलटकरणीपुढे दोन लेकरांची आई म्हणजे अर्धी डॉक्टरच की.

ती गळून बसली की मी लिंबू पिळून, चार चमचे साखर घालून सरबत द्यायची. अर्ध्या-पाऊण तासात चेहऱ्यावर तरतरी यायची. उठून बसायची, मोबाइल बघायची, माझ्या लेकीची वेणी घालायची. मग मी म्हणायची, बघ, उष्णताच आहे. पुन्हा दोन-तीन तासांनी ती गळायची आणि मी पुन्हा सरबत करायची. चार दिवस हेच चाललं होतं.

गुरुवारी जिथे नाव घातलं होतं त्या दवाखान्यात नेलं. बीपी १४०/९० होतं. "थोडं वाढलंय, मीठ कमी करा," असं सांगितलं. उलट्यांसाठी गोळी, पित्तासाठी गोळी, आठ दिवसांनी दाखवा. रक्त काढलं नाही. मीही म्हणाले नाही की काढा. राग त्या दवाखान्यावर जास्त धरावा की स्वतःवर, हे माझं अजून ठरलेलं नाही.

रविवारी सकाळी गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या. ती वर आली आणि पत्र्याच्या सावलीत टेकली. मी सहज तिच्याकडे बघितलं आणि हातातली चाळण खाली ठेवली. डोळ्यांचा पांढरा भाग लसणाच्या जुन्या पाकळीसारखा झाला होता. आमच्या स्वयंपाकघरात पिवळा बल्ब आहे, त्याच्याखाली सगळेच पिवळे दिसतात. गच्चीवर उन्हात दिसलं. विचारल्यावर म्हणाली, "ताई, लघवी पण हळदीच्या पाण्यासारखी होतीय. दोन दिवस झाले." लाजून सांगितलं नव्हतं.

कावीळ म्हटल्यावर घरात काय होतं ते महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. शेजारच्या बाईंनी एका गावचं नाव सांगितलं, भाऊजी दुपारच्या उन्हात गाडी काढून गेले आणि काड्यांची माळ घेऊन आले. ही माळ गळ्यात घालायची, ती रोज लांबत जाते, बेंबीपर्यंत आली की कावीळ उतरली. काड्या वाळल्या की गाठी सैल पडतात आणि माळ लांबते, एवढं मलाही कळतं. पण मी अडवलं नाही. रविवार होता, दवाखाना बंद होता. उद्या सकाळी नेऊ म्हटलं. आत्यांनी त्याच दिवसापासून वरणातली हळद बंद केली.

त्या रात्री ती मला "आई" म्हणाली. एकदा नाही, तीनदा. पलंगावर बसून उशीचा अभ्रा घडी करत होती, उलगडत होती, पुन्हा घडी करत होती. मी विचारलं, "काय करायलीस?" तर माझ्याकडे बघून हसली आणि परत घडी. झोप अपुरी झाली असेल, असं मला वाटलं. तेही सांगून टाकते.

पहाटे पाचला भाऊजींनी दार वाजवलं. "वहिनी, उठंना झालीय." अंग घामाने थबथबलेलं आणि गार. मे महिन्यात गार. गालावर मारलं तरी डोळे उघडेना. रिक्षात घातलं, जवळच्या दवाखान्याचं शटर वाजवलं. तिथल्या सिस्टरने पहिली गोष्ट केली ती म्हणजे बोटाला सुई टोचली. मशिनवर ३८ आला. मला वाटलं ताप असेल. ती साखर होती. डॉक्टर खालच्या मजल्यावरून बनियनवरच धावत आले, शिरेतून ग्लुकोज सोडलं, आणि दोन-तीन मिनिटांत धाकटीने डोळे उघडले. इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "पाणी आलं का?"

आमच्याकडे तेव्हा नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, आणि त्या पहाटे आमची पाळी होती. मी तिथेच खाली बसले आणि रडले.

त्या डॉक्टरांनी दहा मिनिटांतच १०८ ला फोन केला. चिठ्ठीवर काय लिहिलं ते मी वाचलं नाही, पण तोंडी म्हणाले ते लक्षात आहे: "कावीळ म्हणून नेऊ नका. लिव्हर बंद पडतंय असं सांगून न्या. वाटेत ग्लुकोज चालू राहू द्या."

*

मोठ्या हॉस्पिटलात साडेसातला पोचलो. त्यानंतरचे चार तास माझ्या डोक्यात सरळ रांगेत नाहीत. मानेतून लाइन घालायची म्हणून सिस्टरने कात्रीने माळ कापली आणि माझ्या हातात दिली. मी ती पर्समध्ये टाकली. रक्ताच्या सात-आठ बाटल्या गेल्या. सोनोग्राफी पलंगावरच झाली. बाळाचे ठोके चांगले होते. धाकटीला "हात असे पुढे धरा, रिक्षा थांबवल्यासारखे" असं सांगितलं. तिने धरले, तर पंजे पाखराच्या पंखांसारखे फडफडायला लागले. ती मुद्दाम करत नव्हती. डॉक्टरांनी एकमेकांकडे बघितलं.

माझ्याजवळ ऑर्डरीची वही होती, ती कायम पर्समध्येच असते. मी उजव्या पानावर लिहायला लागले, कारण कुणीतरी काहीतरी लिहून घेतलं पाहिजे एवढंच सुचलं. ते पान आत्ता समोर आहे. डावीकडे "लसूण जास्त, २ किलो, जुळे सोलापूर" आणि उजवीकडे: बिलिरुबिन (काविळीचा आकडा) ६.८. एसजीपीटी (लिव्हरचा) २४०. क्रिएटिनिन (किडनीचा) १.९. पांढऱ्या पेशी १९ हजार. प्लेटलेट ९२ हजार. आयएनआर २.८. फायब्रिनोजेन ९५.

आम्ही सगळे बिलिरुबिन धरून बसलो. ६.८ म्हणजे किती वाईट? चुलत सासऱ्यांना एकदा १८ होतं म्हणे आणि ते नुसत्या ताकावर बरे झाले. पोटाचे डॉक्टर बाहेर आले तेव्हा भाऊजींनी तेच विचारलं. डॉक्टरांनी माझ्या वहीत बोट ठेवलं, आयएनआरवर. म्हणाले, "पिवळेपणा राहू द्या. हा आकडा बघा. रक्त गोठायला लागतात ते पदार्थ लिव्हर बनवतं. साधारण १ असायला हवा, इथं २.८ आहे. आणि त्यातलाच एक पदार्थ, फायब्रिनोजेन, गरोदर बाईत चारशेच्या वर असतो, हिच्यात ९५ आहे. साखर टिकत नाही, रक्त गोठत नाही, भान जातंय. माणूस पिवळा पडतो तेव्हा एवढं घाबरायचं नसतं. लिव्हर काम सोडतं तेव्हा घाबरायचं."

दोन शंका होत्या. एक, हिपॅटायटीस ई. दूषित पाण्यातून होणारी कावीळ. एरवी माणसं आपोआप बरी होतात, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर शंभरातल्या वीस-पंचवीस बायका दगावल्याच्या नोंदी आहेत, आणि आपल्याकडे गरोदरपणात लिव्हर निकामी होण्याचं ते एक मोठं कारण आहे. हे ऐकलं आणि माझ्या डोळ्यांपुढे आमचा हौद आला. चार-चार दिवस साठवलेलं पाणी, वर पत्र्याचं झाकण, आणि त्याच पाण्याचं मी केलेलं सरबत.

दुसरी शंका त्यांना जास्त वाटत होती. ॲक्यूट फॅटी लिव्हर ऑफ प्रेग्नन्सी. सात हजारांपासून वीस हजारांपर्यंतच्या गर्भारपणांत एखादीला होतो, बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांतच. दारूने किंवा तेलकट खाण्याने होतो ते फॅटी लिव्हर वेगळं. यात लिव्हरच्या प्रत्येक पेशीत चरबीचे बारीक बारीक थेंब भरतात आणि पेशीला कामाला जागाच राहत नाही. काही जणींच्या बाबतीत कारण बाळाकडे असतं: चरबी जाळणारं एक एन्झाइम बाळात कमी पडतं, आणि न जळलेली चरबी वारेवाटे आईच्या रक्तात उतरत राहते. मला खलबत्त्यातली चटणी दिसली. शेंगदाणे कुटत गेलं की एका क्षणी तेल सुटतं आणि कोरडं कूट ओलं, जड होऊन जातं, बत्ता उचलत नाही. असंच काहीतरी तिच्या पोटात झालं असणार.

खात्री करायला लिव्हरचा तुकडा काढून बघतात, पण रक्तच थांबत नसताना सुई कोण घालणार? म्हणून खुणा मोजतात. स्वान्सी निकष नावाची चौदा खुणांची यादी आहे, त्यातल्या सहा किंवा जास्त जुळल्या आणि दुसरं काही कारण सापडलं नाही तर हाच आजार धरायचा. धाकटीच्या नऊ-दहा जुळत होत्या. डॉक्टरबाई यादी वाचत होत्या: उलट्या, पोटदुखी, अतिशय तहान आणि वारंवार लघवी...

तहान त्या यादीत होती. मी दोन वेळा माठ भरत होते, ते त्या यादीत होतं.

मग त्यांनी विचारलं, "गळून गेल्यावर काय देत होतात?" मी सांगितलं. "साखर घालून?" हो. त्या थोडं थांबल्या. लिव्हर साखर साठवून ठेवतं आणि दोन जेवणांच्या मधे, रात्री, थोडी थोडी सोडतं. तिचं ते काम थांबलं होतं. सरबताने जी तरतरी यायची ती उन्हाची नव्हती, साखरेची होती. "तुमच्या सरबतानं ती चार दिवस जागी राहिली, ताई," असं त्या म्हणाल्या. चांगल्या मनाने म्हणाल्या. पण त्याच सरबताने चार दिवस आम्हाला कळलंही नाही, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही.

*

उपाय एकच होता. बाळ बाहेर काढायचं, आजच. महिने किती भरलेत याचा प्रश्न नव्हता. बाळ आणि वार आत असेपर्यंत लिव्हर सावरत नाही. इथे आमच्या घरात भांडण झालं.

पुण्याहून एका नातेवाइकाचा फोनवर फोन. "सोलापुरात थांबू नका, ताबडतोब पुण्याला हलवा, तिथे लिव्हर बदलतात." भाऊजींच्या डोक्यात तेच बसलं. अडीचशे किलोमीटर, रुग्णवाहिकेने साडेचार-पाच तास. भूल देणाऱ्या मॅडमनी त्यांना बाजूला घेऊन खुर्चीवर बसवलं. त्यांचा आवाज चढला नाही. "टेंभुर्णीच्या पुढे तिला रक्तस्राव सुरू झाला, किंवा बाळाचे ठोके पडले, तर गाडीत मी काय करू? आधी पोट रिकामं करू. आज रात्री आम्ही पुण्याला बोलून ठेवतो. दोन-तीन दिवसांत लिव्हर हललं नाही तर पुढची पायरी तीच." भाऊजींनी विचारलं, "आई की बाळ, असं काही सांगावं लागतंय का?" सिनेमात असतं तसं. मॅडम म्हणाल्या, "नाही. दोघांचं भलं एकाच गोष्टीत आहे, म्हणून तर घाई करतोय."

कळा सुरू असत्या तर नॉर्मलची वाट बघितली असती, त्यात कापाकापी कमी. पण कळा नव्हत्या आणि वेळही नव्हता. सिझर ठरलं. पाठीत सुई देऊन भूल द्यायची नाही, कारण मणक्याजवळ रक्त साकळलं तर पाय जाऊ शकतात, पूर्ण भूल. सह्यांच्या कागदावर गर्भाशय काढावं लागू शकेल, डायलिसिस लागू शकेल, व्हेंटिलेटर लागेल, असं सगळं होतं. भाऊजींचा हात कागदावर नीट टेकेना. सही मराठीत करतात ते नेहमी, त्या दिवशी नावाचं पहिलं अक्षर दोनदा काढलं.

ऑपरेशनच्या आधी रक्त गोठेल एवढी सोय करायची होती. चार पिशव्या प्लाझ्मा (रक्तातलं पाणी), क्रायो (त्यातलाच रक्त गोठवणारा भाग), प्लेटलेट, दोन पिशव्या लाल रक्त राखीव. मी आणि हे रक्तपेढीत गेलो. रक्त म्हणजे रक्त, एवढंच मला माहीत. तिथे कळलं, एकाच बाटलीचे तीन संसार. लाल पेशी फ्रिजमध्ये, प्लेटलेट खोलीच्या गारव्यात सतत हलत्या ट्रेवर, आणि प्लाझ्मा दगडासारखा गोठवून. लाल रक्तात ओ निगेटिव्ह सगळ्यांना चालतं आणि प्लाझ्मात उलटं, एबी सगळ्यांना चालतो. धाकटी बी पॉझिटिव्ह. बी चा प्लाझ्मा तीनच पिशव्या होत्या, चौथी एबी ची दिली. मे महिन्यात कॉलेजांना सुट्टी, शिबिरं कमी, साठा कमी, असं काउंटरवरचा मुलगा सांगत होता. कारखान्यातून ह्यांच्या पाळीचे अकरा जण रिक्षा करून आले. तेलुगू बोलणारे, कन्नड बोलणारे, मराठी. दोघांचं हिमोग्लोबिन कमी निघालं, ते तोंड पाडून बाहेर बसले. नऊ जणांनी दिलं.

गोठलेली पिशवी कोमट पाण्याच्या टाकीत वितळायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास मी त्या टाकीकडे बघत उभी होते. घाई करून जास्त गरम पाण्यात टाकता येत नाही, आतलं सगळं वाया जातं. वितळल्यावर पिशवी हातात आली तर ती पिवळी. गव्हाच्या काडासारखी फिकी पिवळी. आत्यांनी घरातली हळद बंद केली होती आणि मी थर्माकोलच्या डब्यात पिवळं पाणी घेऊन रिक्षात बसले होते.

साडेचारला आत नेलं. चार बावन्नला बाळ रडलं. मी ते ऐकलं नाही, सिस्टरने सांगितलं. मुलगा, दोन किलो शंभर ग्रॅम. त्यालाही लगेच वेगळ्या खोलीत नेलं, त्याचीही साखर दर काही तासांनी बघायची होती.

*

सगळ्यांना वाटतं ऑपरेशन झालं की संपलं. आमचं खरं त्या रात्री सुरू झालं.

दीड वाजता ड्रेनच्या बाटलीत रक्त वाढायला लागलं. टाके घातले त्या जागेतून, सुई टोचली त्या जागेतून, हिरड्यांतून झिरपत होतं. परत क्रायो, परत प्लाझ्मा. भाऊजींच्या स्कूटरवर मागे बसून मी दोन वाजता रक्तपेढीत निघाले. पार्क चौकातून चार पुतळ्यापाशी आलो, रस्त्यावर कुत्र्यांशिवाय कोणी नाही, उन्हाळ्याची गार हवा लागत होती, आणि भाऊजी अचानक म्हणाले, "वहिनी, ती गुरुवारी म्हणत होती, मला काहीतरी वेगळंच व्हायलंय म्हणून. मी म्हणलं, सगळ्यांना होतंय." मी काही बोलले नाही. माझ्या मांडीवर रिकामा डबा होता, तो घट्ट धरला.

पहाटेपर्यंत रक्त थांबलं. गर्भाशय वाचलं. मंगळवारी दुपारी व्हेंटिलेटर काढला.

मग सुरू झालं जुलाबांचं प्रकरण. तिला नळीतून एक गोड पातळ औषध द्यायचे, लॅक्ट्युलोज. दिवसाला दोन-तीन पातळ संडास झाल्याच पाहिजेत, असं लिहिलेलं. आत्यांनी हे ऐकलं आणि आयसीयूच्या दारातच आवाज चढवला, "लेकराची आई हाय ती, पोट फाडलंय तिचं, आणि तुम्ही जुलाब लावून मारायलाव?" एका तरुण डॉक्टरने त्यांना बाकावर बसवून समजावलं. आतड्यात अमोनिया तयार होतो, एरवी लिव्हर तो निकामी करतं; आता करत नाही, म्हणून तो डोक्यात जातो, म्हणून ती माणसं ओळखत नव्हती, अभ्र्याच्या घड्या करत होती. औषधाने तो संडासवाटे बाहेर पडतो. आत्या ऐकून घेतात पण हार मानत नाहीत. "मग एरंडेल द्या," म्हणाल्या. डॉक्टर हसला. माझी वही बघून तो म्हणाला, "मावशी, ह्या पानावर लसूण जास्त लिहिलंय, ते पेशंटला का?"

त्याच डॉक्टरने मला उसन्या आकड्याची गोष्ट सांगितली. मंगळवारी सकाळी आयएनआर १.६ आला, मी आनंदाने सगळ्यांना फोन केले. तो म्हणाला, थांबा. रात्रभर प्लाझ्मा दिलाय. हा आकडा तिच्या लिव्हरचा नाही, त्या नऊ जणांचा आहे. उसनं आणलेलं पीठ मोजून आपली कणगी भरली म्हणायचं नसतं. आता प्लाझ्मा थांबवून बघू, आकडा किती टिकतो. संध्याकाळी २.१ झाला. बुधवारी सकाळी २.२. माझ्या पोटात गोळा. भाऊजींनी पुण्याच्या रुग्णवाहिकेची चौकशी केली, हॉस्पिटलनेही तिकडे फोन लावला. गुरुवारी, एक थेंब प्लाझ्मा न देता, १.९. शुक्रवारी १.६. शनिवारी १.३. हे तिचे स्वतःचे होते.

आणि गंमत अशी, की या सगळ्या दिवसांत ती जास्त जास्त पिवळी होत गेली. बिलिरुबिन ६.८ वरून ९, मग शुक्रवारी ११.२. काचेतून बघायला येणारा प्रत्येक जण बाहेर येऊन म्हणायचा, "लईच पिवळी पडली हो." तिकडे साखर टिकायला लागली होती, तासाला टोचणारी सुई चार तासांवर आली होती, क्रिएटिनिन डायलिसिसशिवाय उतरलं होतं, हात पुढे धरल्यावर फडफडत नव्हते. पिवळेपणा सगळ्यात शेवटी जातो. हे मी किती जणांना समजावलं असेन; शेवटी शेवटी "हो, उतरतेय" म्हणून मोकळी व्हायचे.

हिपॅटायटीस ई चा रिपोर्ट बुधवारी आला. निगेटिव्ह. ए, बी, सी, डेंगी, मलेरिया, लेप्टो सगळं निगेटिव्ह. मी हौदाला मनातल्या मनात माफ केलं, तरी त्या आठवड्यात ह्यांच्याकडून घासून घेतला, आणि प्यायचं पाणी तेव्हापासून उकळूनच.

पैशाचं थोडक्यात सांगते. आरोग्यमित्राच्या टेबलावर रेशन कार्ड, आधार, झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन हे दोन दिवस उभे होते. काही भाग सरकारी योजनेत बसला, काही बसला नाही. माझ्या पाटल्या गहाण गेल्या. त्या अजून तिथेच आहेत.

*

सहाव्या दिवशी तिने बाळ बघितलं, मोबाइलवर. आठव्या दिवशी हातात घेतलं. दूध काढून पाठवायचं आधीच सुरू झालं होतं. बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब एका जाड कागदावर घेऊन, वाळवून, बाहेरगावी तपासायला पाठवले, तेच ते चरबी जाळणारं एन्झाइम बघायला. ते कमी निघालं असतं तर बाळाला जास्त वेळ उपाशी ठेवायचं नाही, आजारपणात तर अजिबात नाही, आणि पुढच्या प्रत्येक गर्भारपणात बाळात ते कमी असण्याची चारात एक शक्यता, असं समजावलं होतं. रिपोर्ट यायला दहा-बारा दिवस लागले. तेवढे दिवस भाऊजी तासातासाला बाळाच्या छातीवर हात ठेवून बघायचे. नॉर्मल आला. तरी पुढचा विचार करायच्या आधी येऊन भेटा, आणि दिवस राहिले तर शेवटचे तीन महिने मोठ्या हॉस्पिटलच्या जवळ राहा, कारण हा आजार पुन्हा येऊ शकतो, हे डिस्चार्जच्या कागदावर लिहून दिलं आहे. धाकटी म्हणते, एकच बास.

सतराव्या दिवशी घरी आली. बिलिरुबिन तेव्हाही ४ होतं. पथ्य काय, विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "घरचं ताजं जेवण, वेळेवर, उपाशी राहायचं नाही. गावठी औषध कसलंच नाही." तरी रोज कोणी ना कोणी उसाचा रस घेऊन यायचं. तिला हवी होती कडक भाकरी आणि चटणी. दोन दिवसांनी दिली, दह्यात कालवून. मी समोर बसून होते. तिने बोट चाटलं आणि म्हणाली, "ताई, मीठ कमी पडलंय." पडलं होतं खरंच, त्या आठवड्याचा सगळाच घाणा अळणी झाला होता.

सकाळी तिला गच्चीवर नेऊन उन्हात डोळे बघायची मला सवयच लागली. महिनाभर ती मुकाट्याने पापणी खाली ओढून दाखवायची. मग एक दिवस कंटाळून म्हणाली, "काय रोज बघायलात? झाले की पांढरे." झाले होते. सात आठवड्यांनी केलेल्या तपासणीत ०.९. वहीत तो शेवटचा आकडा आहे, त्याच्या समोरच्या पानावर दसऱ्याच्या ऑर्डरीची आगाऊ नोंद आहे.

माळ माझ्या पर्समध्येच राहिली होती. बारशाच्या आधी पर्स झाडताना निघाली. मी टाकायला निघाले तर आत्यांनी हातातून घेतली, धुतली, आणि देवघरात सिद्धरामेश्वराच्या फोटोमागे ठेवली. बारशाला आलेल्या बायकांना वरणभात वाढताना त्या सांगत होत्या, मी ऐकलं, "दवाखान्यात माळ कापली ना, म्हणून एवढे दिवस लागले. नायतर आठ दिवसांत उतरली असती." वरणात हळद होती. मी तूप वाढत पुढच्या पानावर गेले.